क्लोरीनच्या कपाटावरचा पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. वारा घालणारा नव्हे, हवा बाहेर फेकणारा. एका मुलींच्या शाळेच्या प्रयोगशाळेत विषारी वायूंच्या प्रयोगांसाठी काचेचे कपाट होते. त्याच्या माथ्यावर, भिंतीच्या भोकात मला बसवले होते.

माझा जन्म कारखान्यातला. कारागिराने माझी तिन्ही पाती हाताने फिरवून पाहिली आणि म्हणाला, "हा कुरकुरणार नाही." त्याचा शब्द मी पुष्कळ वर्षे राखला.

दरवर्षी क्लोरीन ओळखण्याचा प्रयोग व्हायचा. जांभळ्या खड्यांवर थेंब थेंब आम्ल पडे आणि चंबूत हिरवट पिवळा वायू जमे. त्यात ओला निळा लिटमस कागद धरला की तो आधी तांबडा होई, मग पांढराफटक. मुली टाळ्या वाजवत. टाळ्या कागदाला मिळत. विष ओढून बाहेर टाकत असे मी. माझी आठवण असे ती फक्त मावशींना. मावशी म्हणजे प्रयोगशाळेतल्या मदतनीस. परीक्षानळ्या धुऊन झाल्या की त्या स्टुलावर चढून मला तेल घालत.

पण क्लोरीन कुणाचा सगा नसतो. त्याने मला आतून खाल्ले. एके दिवशी मी अडकलो तो अडकलोच. मावशींनी मुख्याध्यापकांना तीनदा लिहून कळवले. ते म्हणाले, "खिडक्या कशाला आहेत मग?"

पुढे शाळेची तपासणी ठरली. तेव्हा मात्र माझ्याकडे लक्ष गेले. रंगारी आला आणि गंजलेल्या पात्यांना चंदेरी रंग फासून गेला. बडा घर पोकळ वासा, तसा मी मिरवू लागलो.

तपासनीस साहेबांपुढे क्लोरीनचाच प्रयोग करून दाखवायचे ठरले. मावशी मध्ये पडल्या. "सर, पंखा बंद आहे. आज हा प्रयोग नको."

"मावशी, तुम्ही काचा पुसा," मुख्याध्यापक हसून म्हणाले.

साहेबांना नीट दिसावे म्हणून कपाटाचे दार अर्धे वर ठेवले. प्रयोग करणाऱ्या विज्ञानाच्या नव्या बाईंनी घाबरून तोटी जास्त फिरवली आणि आम्ल भसकन ओतले गेले. वायू दारातून खाली उतरला. मुली खोकू लागल्या. साहेब सर्वांत आधी बाहेर पडले. मावशींनी मुलींना दाराबाहेर ढकलले, पदर ओला करून नाकाला लावला आणि परत आत आल्या. आम्लाची तोटी बंद केली. कपाटाचे दार खाली ओढले, पण ते गंजलेले, चटकन येईना. मी डोक्यावर होतो. एक फेरा, फक्त एक फेरा! तोही मला जमला नाही.

मुली वाचल्या. मावशींची छाती कायमची अधू झाली, आवाजही गेला. चौकशी झाली. चौकशीच्या आदल्या दिवशी मला उपटून दाराबाहेर भंगारात टाकले आणि नवा पंखा बसवला. अहवालात आले, "पंखा चालू स्थितीत. मदतनीस महिलेचा हलगर्जीपणा."

किल्ल्या परत द्यायला मावशी आल्या, दर चार पावलांना थांबत. मुख्याध्यापकांनी कौतुकाने बटण दाबले. "बघा, कसा झकास चालतो!"

"आधी बसवला असता तर..." मावशी कुजबुजल्या.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

मित्रांनो, बंद पडलेल्या वस्तूला रंग लावू नका, ती दुरुस्त करा. आणि तिच्याजवळ रोज राबणारे माणूस "नको" म्हणाले, तर तेव्हाच थांबा. तेव्हा त्याला आवाज असतो.