न्हाणीघराचं अंदाजपत्रक

नागुमो सुताराने आणलेल्या कागदावर शेवटचा आकडा होता तेहतीस लाख तीस हजार येन, आणि आमच्याकडे होते तीस लाख. माझ्या नवऱ्याने, कोहेईने, आणि नागुमोने एकदमच सुस्कारा सोडला. मी चष्मा लावला आणि लाल पेन शोधलं.

घाबरायचं काय त्यात? सव्वीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात काढली आहेत. चारशे वीस पोरं, दर ताटामागे ठरलेले पैसे, आणि कोबी महागला म्हणून कधी कुणी एक येन वाढवून दिला नाही. तरी एका पोराला अर्धपोटी उठू दिलं नाही मी. मला आकडे दाखवून कुणी घाबरवू नये.

काम साधं होतं. माझ्या सासूबाई, तोमे त्यांचं नाव, वय शहाऐंशी, ऑगस्टमध्ये जुन्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. ऑपरेशन झालं, व्यायाम सुरू झाला. दवाखान्याने सांगितलं, नोव्हेंबरअखेर सोडू, पण घर तयार नसेल तर घरी पाठवणार नाही, वृद्धाश्रमात जावं लागेल. म्हणजे बर्फ पडायच्या आत सगळं उरकायचं होतं. न्हाणीघर नवं, संडास रुंद, खोल्यांमधले उंबरे काढून जमीन सपाट, आणि भिंतींना धरायला लाकडी दांडे.

खरं तर हा कागद मिळवायलाच मला भांडावं लागलं. आमचं घर नागुमोच्या वडिलांनी बांधलेलं. अशा माणसाकडे लेखी आकडा मागायचा म्हणजे आमच्या गावात त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवल्यासारखं. "माझ्यावर सोडा, वहिनी," असं तो म्हणाला आणि हे लगेच मान डोलवायला लागले. मी म्हटलं, "सोडते की. पण कागदावर सोडते." आठवडाभर फुगला होता बिचारा.

"न्हाणीघराचेच तेरा लाख?" मी विचारलं. "टबाला काय सोनं लावताय?"

"वहिनी, त्यात पाणी चार तास गरम राहतं."

"चार तास कोण बसणार आहे त्यात? त्याच्या खालचा सांगा."

"नऊ लाख साठ," तो पडेल आवाजात म्हणाला.

पाहुण्यांच्या खोलीची जमीन सपाट करायचे एक लाख चाळीस होते, ते खोडले. सासूबाई तिकडे कशाला जातात? नवे सरकते दरवाजे खोडले, जुनेच तासून घ्या म्हटलं. तोडफोडीचा राडारोडा उचलायचं काम नवऱ्याकडे दिलं. "मी?" ते म्हणाले. "मग काय मी?" मी म्हटलं. तासाभरात आकडा सत्तावीस लाखांवर आला.

"तीन लाख उरले की गं!" नवरा खूश झाला.

"उरले नाहीत. जुनं न्हाणीघर उकरलं की खालचं लाकूड कुजलेलं निघणार. ते त्याचे."

नागुमो माझ्याकडे बघतच राहिला. "वहिनी, माझ्याकडे कामाला या."

एवढं सगळं चाललं असताना सासूबाई मात्र येत नाही म्हणत होत्या. पहिल्यांदा दवाखान्यात म्हणाल्या, "मी आश्रमात जाते, उगाच घर फोडू नका." मी मनावर घेतलं नाही. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की तीनदा नको म्हणायचं आणि मग घ्यायचं, ही रीतच आहे. शेजारणीने टोपलीभर पर्सिमनची फळं आणली तरी दारात तीन वेळा नको-नको होतं आणि मग टोपली आत येते. एका फटक्यात हो म्हणणाऱ्याला माणसं हावरट म्हणतात. नवऱ्याने त्यांना सत्तावीस लाखांचा कागद नेऊन दाखवला, तेव्हा दुसऱ्यांदा नको झालं. फोनवर तिसऱ्यांदा. मी निर्धास्त झाले. म्हटलं, झाली रीत पुरी, आता म्हातारी हो म्हणणार.

ऑक्टोबरच्या मध्यावर दवाखान्याने त्यांना तासाभरासाठी घरी आणलं. सोबत व्यायाम करून घेणारी मुलगी होती, किताजिमा नावाची. घरी सोडण्याआधी माणूस घरात कसा वावरतो, कुठे अडखळतो, ते त्या लोकांना बघायचं असतं. नागुमोही टेप घेऊन हजर होता. सासूबाई काठी टेकत आत आल्या, खुर्चीत बसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मित्सुए, मी येणार नाही."

"अहो आई, झालं की आता तीनदा म्हणून."

"म्हणून तर चौथ्यांदा म्हणतेय."

चौथं नको म्हणजे खरंच नको. पहिलंही खरंच होतं, दुसरंही, आणि मी शहाणी आपली बोटं मोजत बसले होते.

त्यांनी पिशवीतून तोच कागद काढला. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने भागाकार मांडला होता. "माझी अजून दोन वर्षं धर. सत्तावीस लाख भागिले चोवीस. महिन्याला एक लाख साडेबारा हजार पडतात माझे. आश्रमात नव्वद हजार. पोरांच्या ताटाचा हिशोब करायचीस ना तू? मग हा का नाही केलास? आणि हे पैसे तुझ्या नव्या स्वयंपाकघरासाठी साठवलेले, मला माहीत नाही होय?"

मी टब कापला, दरवाजे कापले, जमीन कापली आणि दिमाखात फिरले. ह्या बाईने दवाखान्याच्या खाटेवर बसून स्वतःलाच कापून टाकलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की रागच आला. मला वाईट वाटलं की रागच येतो.

"आणि तुम्ही तिकडे गेलात तर मी इथे भांडू कुणाशी?" मी ओरडले. "ह्यांच्याशी? हे प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात!"

"हो," नवरा म्हणाला.

किताजिमा खाली मान घालून हसायला लागली. मी सासूबाईंच्या हातातला कागद ओढला आणि चोवीसवर लाल काट मारली.

"तुमचा हिशोब चुकलाय, आई. त्या न्हाणीघरात तुम्ही एकट्याच अंघोळ करणार आहात का? मी साठीची आहे. न्हाणीघर तीस वर्षं टिकलं नाही तर नागुमोला मी सोडणार नाही. तीनशे साठ महिने धरा. महिन्याला साडेसात हजार, तेही घरातल्या सगळ्यांचे मिळून. एका म्हातारीचे लाखभर कुठून आणलेत तुम्ही?"

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. ओठ हलत होते. भागाकार तपासत होत्या. चूक सापडली नाही. सापडणारच नव्हती.

"बरं," त्या अखेर म्हणाल्या आणि काठीवर जोर देऊन उठल्या. "माप घे."

दांड्याचं माप घ्यायची पद्धत अशी, की माणसाने ताठ उभं राहून हात खाली सोडायचा आणि मनगटाचं हाड जिथे येईल तिथे दांडा लावायचा. नागुमोने टेप धरली. अडुसष्ट सेंटिमीटर.

"माझं नको रे," सासूबाई म्हणाल्या. "हिचं घे. तीस वर्षं ही वापरणार आहे."

त्यांना दुखवायचं नाही म्हणून त्याने माझंही घेतलं. ऐंशी.

"आजी, एवढ्या उंचावर तुमच्या हाताला जोरच मिळणार नाही," किताजिमा म्हणाली.

"मला दोन वर्षं चालेल. हिला तीस वर्षं वाकून धरायला लावू का?"

मी नागुमोच्या हातातली टेप खाली ओढली.

"नागुमो, अडुसष्टच लावा," मी म्हटलं. "मला दांडा लागेल तोवर मीही झिजून आईंएवढीच झालेली असेन."

सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मला विजेचा खांब म्हणतात. "तू?" त्या म्हणाल्या. "तू कसली झिजतेस!"

मग त्या भिंतीपाशी गेल्या. नागुमोने पेन्सिलीने ओढलेल्या रेघेवर त्यांनी तळवा ठेवला आणि न्हाणीघराच्या दारापर्यंत हळूहळू चालत गेल्या, हात रेघेवरून तसाच सरकवत.

"लाकडाला गाठ नको हं," त्या तिकडूनच म्हणाल्या. "हाताला टोचते."

नागुमो खाकरला. "बिनगाठीचं लाकूड आठ हजारांनी महाग पडेल, वहिनी."

"लिहा," मी म्हटलं.