दोन कॅन पाणी

"कडांवर राखेची पांढरी साय दिसली की पाणी ओत. आधी ओतलंस तर कच्चं राहील, उशीर केलास तर नुसती राख. कळलं का गं?"

हे नासिपोंडीच्या आत्याचे शब्द. मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी भट्टी आहे. पूर्वी मी रॉकेलचा ड्रम होते. केनियातल्या बुंगोमाच्या बाजारात लोहाराने माझे तोंड कापले आणि आत्याने मला भाचीच्या अंगणात आणून ठेवले. दाणे काढलेली मक्याची कणसे माझ्यात जाळायची, राख होण्याआधी विझवायची आणि तो कोळसा शेणमुतात मुरवून शेतात मिसळायचा. मग माती ओल धरते, खत वाहून जात नाही.

पहिल्या वर्षी पाऊस लवकर आला. नासिपोंडीने घाईने कोळसा न मुरवताच पसरला. त्याने मातीतलाच कस ओढून घेतला आणि मका पिवळा पडला. तिचा दीर मासिंदे बांधावरून ओरडला, "वहिनी, त्या ड्रमात दारू गाळायची होती तर तसं सांगायचं! शेत कशाला काळं केलंत?"

नैरोबीहून नवऱ्याचा फोन आला. "अजून एक हंगाम बघ. तोही गेला, तर तिथे मासिंदे ऊस लावेल."

घरची उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, शेताच्या त्याच तुकड्यातल्या मक्यावर शिजत होती. नासिपोंडीने मला गोठ्यामागे लोटले. मी तिथे पावसात पडून राहिले. माझा तळ गंजला, त्याला भोके पडली.

यंदा उन्हाळा सरत आला तेव्हा तिने मला घासूनपुसून उभे केले. डोळे मिटून प्रार्थना केली आणि आग लावली. शेणमुताचा खड्डा तयार होता. कडांवर पांढरी साय आली. तिने भरलेली बादली ओतली. पूर्वी एवढे पाणी पुरायचे. पण वारा माझ्या भोकांतून आत घुसत होता. वरचे निखारे विझले, खालचे पुन्हा फुलले. तिने झाकण दाबून चिखल लिंपला. तरी खालून लाल उजेड दिसतच राहिला. वर्षभराची कणसे राख होत होती, आणि मी काहीच करू शकत नव्हते.

ती धावत जावेच्या, म्हणजे मासिंदेच्या बायकोच्या, दारात गेली. "नेलिमा, तुझे दोन कॅन दे!"

"अगं, प्यायचं पाणी आहे ते!"

"माहीत आहे मला."

"हे साखर कारखान्यावरून ट्रॅक्टर घेऊन आले आणि कॅन रिकामे दिसले, तर माझी खैर नाही."

"ते यायच्या आत भरून ठेवते. शब्द देते."

"तुझा शब्द काय प्यायचाय? पाणी आण म्हणजे झालं," असे पुटपुटत नेलिमाने स्वतःच एक कॅन उचलला.

दोघींनी मिळून ओतले. मी चरचरले, वाफेने दोघींची तोंडे झाकली. लाल उजेड गेला. नासिपोंडीने एक तुकडा मोडून पाहिला. काच तुटावी तसा खणकन आवाज झाला.

"बरा झाला का गं?" नेलिमाने विचारले.

"बरा झाला. आता मात्र मुरू देणार."

मित्रांनो, ज्याच्याकडून काम घेता, त्याला काम झाल्यावर कोरड्या जागी ठेवा. माझ्या तळाला भोके नसती, तर दोन घरांचे पाणी सांडावे लागले नसते.

रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची घरघर ऐकू येऊ लागली होती. नासिपोंडीने रिकामे कॅन उचलले आणि ते भरायला झऱ्याची उतरण धरली.