मुडपलेलं बोट

टेंभुर्णीहून सोलापुरात भाड्यानं राहायला आलेल्या पायलला मे महिन्यातल्या दुपारींनी जीव नकोसा केला होता. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि अडीच वर्षांची मुक्ता घरात कोंडलेली. शेवटी पायलनं मैद्यात मीठ-तेल घालून गोळा मळला, निम्म्यात हळद, निम्म्यात बिटाचा रस कालवला आणि स्वयंपाकघरात लेकीपुढं पाट मांडला. मुक्ता हरखली. चिमटे काढले, साप वळले, गोळा नाकाशी धरून हुंगला.

काही दिवसांत साप बंद झाले. मुक्ता आता नुसत्या भाकरी थापायची. गोल, एकसारख्या, कडेला कुठं चीर नाही. पायलला आधी कौतुकच वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, थापताना पोरगी करंगळीशेजारचं बोट तळव्यात मुडपून घेते.

"बोट सरळ कर की गं."

"आजी अशीच कलती," मुक्ता म्हणाली आणि पाटापलीकडच्या रिकाम्या फरशीकडं बघून हसली.

मुक्ताच्या दोन्ही आज्या गावी होत्या आणि त्यांची बोटं शाबूत होती.

पुढं जेवताना, झोपतानाही ते बोट मुडपलेलंच राहू लागलं. पायल सरळ करायला गेली की मुक्ता किंचाळायची. डॉक्टर म्हणाले, हाडात काही दोष नाही.

घरमालक शिवप्पाआण्णा पुढच्या खोलीत एकटेच राहायचे. एकदा मुक्ता उंबऱ्यात बसून शेंगदाणे वेचत होती. आण्णा तिच्या हाताकडं बघत राहिले आणि भिंतीला टेकले.

"पोरी, हे हिला कुणी शिकवलं?"

"काय झालं, आण्णा?"

"माझी बायको नीलव्वा असंच वेचायची. कापडाच्या मागात अडकून बोट गेलं होतं तिचं. हेच. तुमचं स्वयंपाकघर तिचंच की. तितंच गेली ती, भाकरी थापता थापता."

पायलनं गोळा उकिरड्यावर टाकला आणि मुक्ताला उराशी घेऊन स्वयंपाकघराबाहेरच्या खोलीत पडली. दुपार कलली. मुक्ता गाढ झोपली होती. आणि आतून आवाज येऊ लागला. थप, थप, थप. मध्येच थांबायचा, जणू कुणी पिठाला हात लावतंय.

पळून जावं असं पायलला फार वाटलं. पण ती उठली, आत गेली. आवाज पाटापाशीच होता, पाटावर काही नव्हतं. तिनं ज्वारीचं पीठ मळून उंडा केला, पाटावर ठेवला आणि समोर बसली.

"मावशी," ती म्हणाली, "हे तुमचं घर हाय, न्हाय कोण म्हणतंय? पण लेकरू लई लहान हाय माझं. तिचं बोट तेवढं सोडा."

आवाज थांबला. उंड्यावर कुणी हात ठेवावा तसा तो हळूच दबला. बस, तेवढंच.

बाहेर मुक्ता जागी झाली होती. तिनं आळस दिला, तेव्हा पाचही बोटं ताणली गेली.

संध्याकाळी पायलनं आण्णांना सगळं सांगितलं. ते घाबरले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात येऊन आत बघत उभे राहिले, कितीतरी वेळ.

"काय बोलली का ती?"

"न्हाय, आण्णा."

"मी इतकी वर्षं हितंच हाय," आण्णा म्हणाले. "मला कधीच काही ऐकू आलं न्हाई."

पायलनं त्यांना आत बसायला पाट दिला आणि चहाचं आधण ठेवलं.