तळहाताएवढा पंखा

"हात नको लावू, माय. श्वाससुदिक जपून घे," विश्वंभर म्हणाला.

रुक्माबाई दोन पावलं मागे सरल्या. टेबलावर दाढीची दोन ब्लेडं उभी केलेली होती. त्यांच्या धारेवर, एका बारीक दांडीवर ओवलेला, तळहाताएवढा पंखा बसला होता. विश्वंभर त्याला बोटाने किंचित ढकली. पंखा डुलत डुलत थांबे आणि जड बाजू आपसूक खाली येई. मग त्या बाजूला पॉलिश पेपरचे दोन हात, की पुन्हा ब्लेडवर. बरेच दिवस हेच चाललं होतं. आज मात्र पंखा जिथे सोडावा तिथेच थांबत होता. अख्ख्या शिरड शहापुरात इतका समतोल दुसऱ्या कशातच नव्हता. ग्रामपंचायतीत तर नव्हताच.

शेजारचा रामकिशन पिठाची गिरणी बंद करून आला होता आणि दाराला टेकून हा सोहळा पाहत होता.

"सर, येवढुशा पंख्यानं वारा कुनाला लागंल?"

"मानसासाठी न्हाई हे. फ्युएल सेलसाठी हाय."

विश्वंभर जन्माचा मास्तर. विचारलं की सांगणारच. फ्युएल सेल म्हणजे एक डबा. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने साधी हवा. आत दोघांचं जमतं, वीज निघते आणि धुराऐवजी पाणी गळतं. पण हवा आपल्या पायांनी आत जात नाही. केसासारख्या बारीक वाटांतून तिला ढकलावं लागतं. ढकलणारा पंखा चालतो त्याच डब्याच्या विजेवर. पंखा जितकं कमी खाईल, तितकी वीज बाहेरच्यांना.

"म्हंजी डबा वीज करून राहिला अन् पंखाच खाऊन राहिला?"

"बराबर."

"मंग हे यंत्र आपल्याकडं कवाचंच हाय की. आपन त्याला पानीपुरवठा समिती म्हन्तो."

विश्वंभर हसला नाही. हसताना हात हलतो.

तो ज्या तंत्रनिकेतनात शिकवत असे, तिथे शेवटी शेवटी विद्यार्थ्यांपेक्षा मास्तर जास्त झाले होते, आणि मास्तरांपेक्षा संस्थाचालकांच्या तसबिरी. पुढे मुलं संपली, मग मास्तरही संपले. तसबिरी राहिल्या. संस्थाचालक संतरामअण्णा द्रष्टे गृहस्थ. त्यांनी इमारतीला रंग देऊन तिचं मंगल कार्यालय केलं. जिथे विश्वंभर मुलांना लेथवर उभं करायचा, तिथे आता आचारी जिलेबी पाडतात. अण्णांनी त्याला मोठ्या मनाने बोलावून सांगितलं होतं, "सर, तुमाला इथलं समदं ठाव हाय. लाइटचे बोर्ड, नळ, टाकी. म्यानेजर व्हा. तुळशीच्या लग्नाआधी सांगा, मंग लग्नसराई लागती."

विश्वंभरने विचार करतो म्हटलं होतं. विचार या पंख्याचा होता. त्याचा जुना विद्यार्थी हरीश पुण्याच्या एका कंपनीत होता. मोबाइल टॉवरची वीज गेली की लागणारे डबे ती कंपनी बनवायची. त्यांचा पंखा फार खादाड निघाला होता. "सर, नमुना पाठवा. पास झाला तर डिझाइन खात्यात तुम्हाला घेतील, मी बोललोय," असं हरीश म्हणाला होता. तेव्हापासून विश्वंभर पात्यांच्या वळणांत राहत होता. घर त्याची बायको शीतल अंगणवाडीच्या मानधनावर चालवत होती. मिश्कील बाई. पाहुणे आले की सांगायची, "हे पुन्यालाच हाईत. निस्ते जेवायला घरी येत्यात."

खंडेनवमीला रुक्माबाईंनी घरातलं लोखंड बाहेर काढलं. विळा, खुरपं, पावशी, मिक्सर. शीतलने दुरुस्तीला आणलेला अंगणवाडीचा वजनकाटाही रांगेत बसला. सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मग त्या टेबलाकडे वळल्या.

"ह्याला न्हाई," विश्वंभर आडवा झाला. "कुंकवाच्या वजनानंसुदिक हालतो हा, माय."

"देवाचं कुंकू जड व्हतं व्हय? काहून आसं करतोस? मिक्सरला लागतं, अन् ज्याच्यावर लेकराचं नशीब हाय त्याला न्हाई?"

"न्हाई म्हन्लं ना."

"बरं बाबा," त्या म्हणाल्या. इतक्या लवकर त्या कधी ऐकत नसत. पण विश्वंभरला थर्मोकोल आणायला औंढ्याला जायचं होतं आणि जीप भरत आली होती. परत आल्यावर त्याने पंखा वरून खालून न्याहाळला. लख्ख होता. डब्यात बसवला, चिकटपट्टी मारली आणि दसरा उलटताच कुरिअरला दिला.

पुढे हरीशचा फोन आला. तो सुरुवातीला तब्येतीबद्दल विचारू लागला, तेव्हाच विश्वंभर खाली बसला.

"सर, व्हायब्रेशन. पूर्ण स्पीडला पोचलाच नाही. थरथरला आणि सिस्टिमनेच सप्लाय तोडला. परत पाठवलाय."

पंखा परत आला. विश्वंभरने त्याला ब्लेडांच्या धारेवर ठेवलं. तो भरकन फिरला आणि एक बाजू दगडासारखी खाली गेली. त्याने टॉर्च घेतली. पंख्याच्या दोन चकत्यांमध्ये पाती असतात. त्या फटीत खोलवर, बाहेरून नजर पोचणार नाही अशा ठिकाणी, हळदीचा वाळलेला ठिपका होता. त्यावर कुंकू. आणि कुंकवात रुतलेला तांदळाचा एक दाणा.

त्याने ते सुईने हळूच खरवडलं, पेट्रोलने धुतलं. पंखा पुन्हा धारेवर ठेवला. जिथे सोडला तिथे थांबला.

त्याने हरीशला फोन लावला. "आत कचरा अडकला होता. आता बघ. एकदाच."

"सर, बाहेरून तयार पंखे मागवले. ऑर्डर गेली."

"ते जास्त वीज खातात रे."

"खातात, सर. पण हलत नाहीत."

कोणत्याही खात्यात हीच पात्रता लागते.

रुक्माबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हन्ले पुन्यावाले?"

विश्वंभरच्या हाताशी टॉर्च होती, सुई होती, सुईच्या टोकाला तांबूस पूड होती. त्याने ती सदऱ्याला पुसली.

"कंपनीनं इचार बदलला, माय. पंख्याची चूक न्हाई."

"कशी आसंल?" त्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, जणू कंपनी ओट्यावरच बसली होती. "तू औंढ्याला गेल्ता तवा म्या आतून कुंकू लावलं. कुनाला दिसू नाही आसं. देवानं त्याचं काम केलं, बाबा. मानसानंच न्हाई केलं."

"व्हय," विश्वंभर म्हणाला.

शीतल चुलीपाशी होती. तिने सदऱ्यावरचा तांबूस डाग पाहिला, सासूकडे पाहिलं. मग तिने आयुष्यात प्रथमच विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला औंढ्याला अण्णांकडे हो म्हणायला जायचं होतं. इस्त्रीचा सदरा घालून तो निघाला, तर रुक्माबाईंनी बाजेवरून हाक मारली.

"ते तिकडं न्हाई घेतलं तर घरीच लाव की. येवढी मेहनत केली. माझ्या अंगावर सोड वारा."

हा पंखा माणसाला वारा घालत नाही, हे तो रामकिशनला सांगू शकला होता. आईला सांगता आलं नाही. त्याने पंखा लहानशा मोटारीला जोडला, बाजेजवळच्या स्टुलावर मांडला आणि बटण दाबलं. पंखा फिरला. आवाज नाही, थरथर नाही. स्टुलावरचा पाण्याचा पेला आरशासारखा स्थिर राहिला. रुक्माबाईंच्या कपाळावरची पांढरी बटही तशीच स्थिर होती, आणि कपाळावर घामाचे थेंब होते. कार्तिकातली दुपार पत्र्यावर तापत होती.

"येऊन राहिला का, माय?"

रुक्माबाईंनी पंख्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"लई गार," त्या म्हणाल्या. "ती शाल दी बरं जरा."

विश्वंभरने शाल आणली, त्यांच्या खांद्यांवरून नीट पांघरली, आणि जीप गाठायला निघाला.