पाठीवरचा ओरखडा

मित्रांनो, मी एक जुना वायुभारमापक आहे. माझ्या पोटात पारा नाही. हवा काढून घेतलेली एक पातळ धातूची डबी आहे. बाहेरच्या हवेचा दाब वाढला की ती दबते, घटला की फुगते आणि त्या हालचालीवर माझा काटा फिरतो. माझे ज्ञान एवढेच. माझ्या तबकडीवर 'स्वच्छ', 'बदल', 'वादळ' असे शब्द आहेत खरे, पण ते कारागिराने गिऱ्हाइकांच्या समाधानासाठी कोरले. त्या शब्दांकडे मी पहिल्यापासून संशयाने पाहत आलो आहे.

लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर, केचम घराण्याच्या कालवे, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढणाऱ्या नौकेत मी चाळीस वर्षे होतो. आधी म्हातारा केचम, मग त्याचा मुलगा ईनॉक. रोज सकाळी ईनॉक माझ्या काचेवर बोटाने दोनदा टिचकी मारी आणि काटा स्थिरावला की त्यावर खुणेचा पितळी काटा आणून ठेवी. दुसऱ्या दिवशी दोन काट्यांमधले अंतर पाहून नौका सोडायची की नाही ते ठरे. त्या चाळीस वर्षांत नौकेवरचा एकही माणूस बुडाला नाही.

पुढे कालवे संपत आली आणि शेजारच्या टेकाडावर लॉयल थॅक्स्टन याचे पांढरे घर उभे राहिले. फ्लोरिडातली दलदल नकाशावर चौक आणि बागा आखून विकणारा हा गृहस्थ. त्याच्या दिवाणखान्यात जे जे जुने होते ते सारे नुकतेच आणलेले होते. भिंतीवरचे पूर्वजसुद्धा दुसऱ्या कुणाचे तरी होते. त्या रांगेत त्याला समुद्रावरची एक खानदानी वस्तू हवी होती. ईनॉकने मला त्याला विकले आणि थॅक्स्टनच्याच नौकेवर कप्तानाची नोकरी धरली. अट एकच घातली: रोज सकाळी येऊन काच तो स्वतः पाहणार. केचमांच्या घरात मला 'काच'च म्हणत.

मला घरातून नेताना त्याची बायको लव्हिना म्हणाली, "काच गेली, तिच्यामागे तूही चाललास. आता मलाही त्यांच्या भिंतीवर टांग, म्हणजे संच पुरा होईल."

दोन वर्षांनी, सप्टेंबरातल्या एका रविवारी, ओहायोहून बारा गिऱ्हाइके आली. नौकेवर जेवण आणि जेवणानंतर जमिनीच्या कागदांवर सह्या, असा बेत होता. ही मक्याच्या शेतांत वाढलेली, पाण्याला भिणारी माणसे. हवा बिघडल्याचे कळते तर सही न करताच दुपारच्या गाडीने परतली असती. माझा काटा तर पहाटेपासून घसरत होता. एकोणतीस पूर्णांक चार दशांश इंच. दाब इतका उतरला की वादळ जवळ असते.

थॅक्स्टनने मला खिळ्यावरून उतरवले. माझ्या पाठीवर एक लहानसा स्क्रू आहे. काटा दाबाशी जुळवण्यासाठी कारागीर तो वापरतात. थॅक्स्टनने त्यात पेचकस घातला. त्याची बायको ओरेलिया कॉफीचा पेला घेऊन दारात उभी होती.

"हे काय चाललंय, लॉयल?"

"याला जरा आशावाद शिकवतोय." माझा काटा तीस पूर्णांक दोन दशांशावर, 'स्वच्छ'वर गेला. "चिखलाचा भाव चढवला मी. हवेचा का चढणार नाही?"

ओरेलिया हसली. तिला गंमत वाटली होती, आणि गंमत तिच्या आयुष्यात दुर्मिळ झाली होती.

थोड्या वेळाने ईनॉक आला. दोन टिचक्या. "चढलाय," तो पुटपुटला आणि त्याने पितळी काटा तिथे आणून ठेवला. चेहरा मात्र खुलला नाही. "साहेब, समुद्रपक्षी कुरणात येऊन बसलेत. आणि माझा गुडघाही काही वेगळंच बोलतोय."

"गुडघ्याला परवाना देत नाहीत, कप्तान. तुम्हाला दिलाय. काच काय म्हणते?"

"स्वच्छ म्हणते." तो घुटमळला. "बापाची काच आहे. आजवर तिनं फसवलं नाही."

नौका सुटली. दोन तासांत वादळ आले आणि ती खडकावर फुटली. ईनॉकने एकेकाला दोराला बांधून किनाऱ्यावर पोचवले. त्याच्या तळहातांची कातडी त्या दोरावरच राहिली. बाराही जण वाचले. एकाचा पाय मोडला.

तीन दिवसांनी ईनॉकच्या परवान्याची चौकशी याच दिवाणखान्यात झाली. त्याच्या आदल्या दिवशीच थॅक्स्टनने माझा स्क्रू काळजीपूर्वक उलटा फिरवून ठेवला होता. चौकशी अधिकाऱ्याने माझा आकडा वेधशाळेच्या आकड्याशी ताडून पाहिला. दोन्ही तंतोतंत जुळले.

"यंत्र बिनचूक आहे," तो म्हणाला. "म्हणजे वाचणारा चुकला."

तर्क निर्दोष होता, फक्त तपासणीचा दिवस चुकीचा होता. ईनॉकने पट्ट्या बांधलेल्या हातांनी मला उलटे केले. चाळीस वर्षे काळवंडलेल्या पितळेवर, स्क्रूच्या खाचेशी, एक ओरखडा लखलखत होता.

"हा ताजा आहे. विचारा यांना."

"ओरखडा नाव सांगत नाही," अधिकारी म्हणाला आणि ओरेलियाकडे वळला. "बाईसाहेब, आपण काही पाहिलंत?"

तिने माझ्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. "मला या असल्या उपकरणांतलं काही कळत नाही हो."

एकाही शब्दात खोटे नव्हते. ईनॉकचा परवाना गेला.

पुढच्या वर्षी दलदलीचे भाव उतरले, ते कुठल्याच स्क्रूने चढेनात. घराचा लिलाव झाला. चौकशीत काहीही ठरले असो, ओरखड्याची गोष्ट गावभर झाली होती; खोटे बोलणारे यंत्र म्हणून माझ्यावर कुणी बोली लावेना. पोतंभर कालवे देऊन ईनॉकने मला परत नेले.

आता मी त्याच्या स्वयंपाकघरात आहे. तो अजूनही दोनदा टिचकी मारतो, पण मग बाहेर जाऊन आभाळ पाहतो, पक्षी पाहतो आणि परत येऊन मला एकदा उलटे करून पाहतो. लव्हिना माझे सारे पितळ घासते. पाठीला मात्र तो हात लावू देत नाही. "तेवढं राहू दे," म्हणतो. बंदरावरची माणसे नौका सोडण्याआधी खिडकीशी येऊन विचारतात, "कप्तान, निघू का?" परवाना नसलेल्या माणसाला विचारतात.

तो मला रोज उलटे करतो, याचे मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, माझ्यासारख्यांना धुळीपासून जपा, पण त्याहून अधिक स्क्रू फिरवणाऱ्या हातांपासून जपा. आणि भिंतीवरचा काटा 'स्वच्छ' दाखवत असताना घरमालक फारच खुशीत दिसला, तर समुद्रावर जाण्याआधी आमची पाठ पाहून घ्या.