कंसातले चार शब्द

जुन्या चिनी नाटकांत माणूस रंगमंचावर आला की आधी स्वतःची ओळख करून देतो. मी अमका, माझं वय इतकं, घरी माणसं अशी, आणि आज माझ्यावर ही वेळ आली आहे. लाचखाऊ न्यायाधीशसुद्धा आल्या आल्या सांगून टाकतो की मी लाच खातो. मला ही पद्धत फार आवडते. निदान कोण कुणाचं कोण, यात प्रेक्षकाचा वेळ जात नाही. तर मी इस्पितळात एक्स-रे काढते. वय सत्तेचाळीस. घरी नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. दिवसभर लोकांना ‘श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा’ असं सांगायचं आणि उरलेल्या वेळात या नाटकांवर प्रबंध लिहायचा, असं सात वर्षं चाललं होतं. चिनी भाषेतलं मला एक अक्षर येत नाही. सगळा अभ्यास अनुवादांवर. आणि तोंडी परीक्षेला अकरा दिवस उरले असताना माझ्यावर जी वेळ आली, ती अशी.

प्रबंधाचं चौथं प्रकरण माझं सगळ्यांत लाडकं. ते एकाच नाटकावर आहे. एका नावाड्याच्या विधवेवर खोटा आळ येतो आणि तिला गावातून हद्दपार करतात. शेवटच्या अंकात शिपाई तिला वेशीबाहेर नेतात. तिथे माझ्याजवळच्या जुन्या अनुवादात कंसात चार शब्द आहेत : तीनदा मागे वळून पाहते. एवढ्या भांडवलावर मी बेचाळीस पानं लिहिली होती. पहिल्यांदा ती सासूकडे पाहते, दुसऱ्यांदा घराकडे, तिसऱ्यांदा कुणाकडेच नाही. नाटककाराने एक अक्षर न बोलता केवढं सांगितलंय, वगैरे वगैरे. आमच्या मार्गदर्शक सरांनी त्या प्रकरणावर ‘वा!’ असा शेरा मारला होता. सात वर्षांतला तो त्यांचा एकुलता एक ‘वा’.

एका तळटीपेतला पानाचा आकडा तपासायला मी ग्रंथालयात गेले, तर त्याच नाटकाचा नवा अनुवाद येऊन पडला होता. हौसेने शेवटचा अंक उघडला. वेस होती, शिपाई होते, तिचं गाणं होतं. कंस नव्हता. मला वाटलं, छापायचा राहिला असेल. मग आणखी एक अनुवाद मागवला, जाडजूड, पानापानावर टिपा असलेला. त्यात त्या जागी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मूळ प्रतीत इथे कोणतीही रंगसूचना नाही. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. म्हणजे नाटककाराने जे लिहिलंच नव्हतं, त्याबद्दल मी बेचाळीस पानं त्याचं कौतुक करत बसले होते!

सरांकडे धावले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हे बघा बाई,” ते म्हणाले, “बाहेरून येणारे परीक्षक चौथ्या प्रकरणापर्यंत पोचत नाहीत. तिसऱ्यातच दमतात.”

“आणि पोचले तर?”

“तर म्हणायचं, अनुवादाच्या मर्यादा. त्यात सगळं बसतं.”

“सर, पण हे खोटं आहे.”

“खोटं कुठे? तुम्ही छापलेलं वाचलंत. आता गप्प बसा आणि पदवी घ्या. नाहीतर आणखी दोन वर्षं गेलीच म्हणून समजा.”

मला गप्प बसता आलं असतं तर बरंच झालं असतं, पण माझं कामच तसं नाही. एक्स-रे काढताना फिल्मवर शिशाचं एक अक्षर ठेवतात, डावी बाजू की उजवी ते कळायला. नवीन असताना मी ते एकदा उलटं ठेवलं आणि एका माणसाचा डावा गुडघा उजवा करून टाकला. तासाभराने लक्षात आलं तेव्हा जिने चढत सर्जनकडे पळाले. चारचौघांत बोलणी खाल्ली, पण त्या माणसाचा धड गुडघा वाचला. तेव्हापासून चूक पोटात ठेवून मला जेवण जात नाही.

दोन दिवस मी ताटावरून तशीच उठते आहे हे पाहून नवरा म्हणाला, “अगं, ज्यांनी कंस घातला त्यांनाच विचार ना. आहेत का ते?”

होते. प्रकाशकाने फोन नंबर दिला. फोन सुनेने घेतला. “बाबांना ऐकू कमी येतं, तुम्ही याच,” असं म्हणाली. मी रजा टाकली आणि चार तासांचा बसप्रवास करून गेले.

शहाऐंशी वर्षांचे आजोबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. बाजूला चाकांचा वॉकर, टेबलावर खाकी कव्हर घातलेले चार शब्दकोश. मी पुस्तक उघडून त्या कंसावर बोट ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने सुनेला सांगितलं, “चहा टाक.” ती आत जाताच खाली वाकून, चोरीचा माल दाखवावा तसे पुटपुटले, “मूळ नाटकात ते नाही. मी घातलंय. तक्रार करायला आलात का?”

शेवटची आशा होती, तीही गेली. “का घातलंत, आजोबा?” मी ओरडूनच विचारलं.

“बघितलं म्हणून.”

पंचविशीत ते भाषा शिकायला तिकडे गेले होते. एका गावात दुपारी उघड्यावर हे नाटक लागलं होतं. विधवेचं काम साठीचा एक पुरुष करत होता, दात पडलेला. “पहिली दहा मिनिटं मला हसू येत होतं,” आजोबा म्हणाले. “मग वेशीपाशी तो वळला.”

आणि ते उठले. मी वॉकर पुढे केला, तर तो त्यांनी बाजूला सारला. खुर्चीवरचा पंचा मनगटावर असा सोडला की त्याची लांब बाही झाली. पहिल्यांदा सगळं अंग वळवलं. दुसऱ्यांदा फक्त मान. तिसऱ्यांदा बाही चेहऱ्यापर्यंत नेली, हळूच खाली घेतली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. घराकडे नाही, सासूकडे नाही. समोर बसून सगळं नुसतं बघत राहिलेल्या लोकांकडे. माझ्या बेचाळीस पानांत हे कुठेच नव्हतं. मला हुंदका आला आणि मी तो आवरला नाही.

“अनुवाद करताना त्या जागी आलो,” खुर्चीत बसत ते म्हणाले, “तर कागदावर काहीच नव्हतं. पोथीत कशाला असेल? नटांना ते माहीतच असतं. पण मला तर दिसत होतं ना! लिहून टाकलं. छापून आल्यावर झोप उडाली. चाळीस वर्षं वाट बघतोय, आज कुणी पकडेल, उद्या कुणी पकडेल.”

त्यांनी एका कागदावर सगळं लिहून दिलं. कुठे पाहिलं, कधी पाहिलं, कसं पाहिलं. खाली सही केली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या परीक्षक मॅडमनी प्रबंध उघडायच्या आत मी बोलले. “आधी एक सांगायचं आहे. माझं चौथं प्रकरण चुकलंय.” सरांनी डोळे मिटून घेतले. मी सगळं सांगितलं, कंस, टीप, आजोबा, कागद. मॅडमनी तो कागद दोनदा वाचला.

“मग ही तीन वळणं कुणाची?”

“नटाची. मी नाटककाराची म्हणून लिहिली, तिथे चुकले. आणि तिसऱ्या वळणाचा अर्थही चुकला.”

“म्हणजे कसा?”

ते सांगून कळण्यातलं नव्हतं. मी सरांच्या खांद्यावरचा मफलर मागून घेतला आणि टेबल आणि दार यांच्यामधल्या जागेत वळून दाखवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी नजर खाली घेतली, पेन उघडलं आणि बराच वेळ लिहीत राहिल्या.

“हे प्रकरण काढू नका,” शेवटी त्या म्हणाल्या. “पुन्हा लिहा. नाटककाराचं श्रेय नटाला द्या आणि हे पत्र परिशिष्टात छापा. तीन महिने देते. पदवीला माझी हरकत नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. सरांचाही पडला असावा, कारण घाम त्यांनी त्याच मफलरने पुसला. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी आधी नवऱ्याला फोन केला आणि मग आजोबांना. सुनेने फोन त्यांच्या कानाशी धरला.

“पकडलं का मला?” त्यांनी विचारलं.

“पकडलं!” मी सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी ओरडले. “आणि तुम्ही बघितलंत ते तुमच्या नावानिशी छापा म्हणाल्या!”

पलीकडून त्यांचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

“अगं, ऐकलंस का?” ते सुनेला सांगत होते. “सुटलो एकदाचा!”