दोन अंशांची फट

माझ्या नळीत पाऱ्याच्या रेघेला एक फट पडली आहे. तिची लांबी बरोबर दोन अंश. खोलीत एकतीस असताना मी तेहेतीस दाखवतो.

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. वितळत्या बर्फात माझी शून्याची खूण झाली आणि उकळत्या पाण्याच्या वाफेत शंभराची. तीस वर्षं मी एका प्रयोगशाळेत होतो. तिथले एक साहाय्यक मला रोज कापसाने पुसत. निवृत्त होताना त्यांनी शाल नको म्हटलं आणि मला मागून घेतलं. घरी सगळे त्यांना बाबा म्हणतात. मीही तेच म्हणेन. त्यांनी मला आपल्या पश्चिमेच्या खोलीत टांगलं. तुटलेला पारा बर्फ-मिठात बुडवून कसा सांधायचा, हे त्यांनी लेकीला सातव्या वर्षीच शिकवलं होतं.

पुढे लेक आणि जावई नवं घर बांधायला निघाले. विजेचं बिल कमी यावं, हा एकच ध्यास. बाबांना तर दहा हात फुटले. भिंती पोकळ ठेवा, खिडकीवर छज्जा काढा, छत पांढरं रंगवा. "घर म्हणजे थर्मास गं!" ते म्हणत.

जागा अरुंद होती. नकाशात बाबांसाठी पश्चिमेची बाजूच उरली. तिकडची खोली किती तापेल, हे या खोलीवरून ठरवायचं होतं. जावयाने हद्द घातली: बत्तीस. त्यापुढे पारा गेला, तर ती खोली नकाशातून बाद. बाबांना हे कुणी सांगितलं नाही.

मोजणीच्या आधीच त्याच्या कोपराचा धक्का लागून मी पडलो. काच वाचली, पारा तुटला. बाबांना मोतीबिंदू, फट त्यांना दिसली नाही. आकडे वाचायचं काम लेकीकडे आलं.

पहिल्याच दुपारी तिने मला डोळ्यांसमोर धरलं. फटीवरून नख फिरवलं. स्वयंपाकघरात बर्फ होता, मीठही होतं. तिने मला परत खिळ्याला अडकवलं आणि वहीत लिहिलं: तेहेतीस. अशा चाळीस दुपारी गेल्या.

"सासरेबुवा, तुमच्या खोलीत चहाला गॅस नको!" जावई हसला.

"साधन खोटं बोलत नाही, जावईबापू," बाबा मान हलवत म्हणाले.

मित्रांनो, साधनाची निगा राखा. पडलं तर पुन्हा पारखून घ्या. आणि ते कोण वाचतंय, तेही बघा.

घर उभं राहू लागलं. तिथे धूळ फार, म्हणून बाबांना कुणी नेलं नाही. ते रोज विचारत, "माझी कॉट खिडकीपाशी मावेल ना गं?"

"बघू, बाबा," ती म्हणे. आठ महिने तिने एवढंच म्हटलं.

टेम्पो दारात आला, त्या सकाळी बाबांनी आपली पेटी स्वतः ओढत उंबऱ्याशी आणली. तिच्यावर मला ठेवलं, टॉवेलात गुंडाळून. अंगात इस्त्रीचा सदरा होता. हमाल पेटी उचलायला वाकला.

"ती राहू द्या," लेक म्हणाली.

"अगं, माझी आहे ती," बाबा हसून म्हणाले. "एवढीच तर आहे."

हमाल दोघांकडे बघत थांबला.

"बाबा, तिकडे तुमची खोली बांधलेलीच नाही. तुम्ही इथंच राहायचं."